खोक्यातलं गेट : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

विषय : १४ महिने खोक्यात पडून असलेलं स्टार्ट गेट आणि ३ आठवड्यांपूर्वी मोडलेलं माझं हाड.
संदर्भ : आपलं उद्घाटनाचं भाषण.

मा. क्रीडामंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पत्राला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. कॉलरबोन मोडल्यामुळे उजवा हात गळ्यात आहे आणि हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करते आहे. जोडाक्षर आलं की जीव जातो. त्यामुळे ‘क्रीडाप्रोत्साहन’ हा शब्द पुन्हा लिहिणार नाही. तसाही तो आपल्या भाषणात भरपूर येऊन गेला आहे.

आपण आमच्या बीएमएक्स ट्रॅकच्या, म्हणजे उंचवट्यांवरून सायकलची शर्यत होते त्या ट्रॅकच्या, उद्घाटनाला आला होतात. आपल्याला रोज एवढी उद्घाटनं असतात, म्हणून आठवण करून देते. फीत कापून झाल्यावर आपण रॅम्पवर आलात, माझ्या सायकलकडे बघितलंत आणि विचारलंत, “ही तर लहान मुलांची. मोठ्यांच्या सायकली कधी येणार?” मी म्हटलं, सर, ही मोठ्यांचीच आहे. चाक २० इंचांचंच असतं, गिअर एकच असतो, ऑलिम्पिक विजेतेही असल्याच सायकलवर बसतात. आपण हसलात, माझ्या हेल्मेटवर टपली मारलीत आणि माईककडे गेलात. तिथे आपण जाहीर केलंत की दोन महिन्यांत इथे आंतरराष्ट्रीय दर्जाचं स्टार्ट गेट, म्हणजे शर्यत सुटेपर्यंत सायकली अडवून धरणारं यंत्र, बसेल. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जास्त वेळ मी वाजवल्या. त्याची अजून लाज वाटते.

गेट आलं, हे मात्र मान्य करायला हवं. अडीच महिन्यांत आलं, सरकारी कामाच्या मानाने वाऱ्याच्या वेगाने आलं. लाकडी खोक्यात आलं आणि ट्रॅकच्या मागच्या खोलीत ठेवलं गेलं. ते आजही तिथेच आहे. ते खोक्याबाहेर का येत नाही, हे कळायला मला अकरा अर्ज आणि चौदा महिने लागले. गेट हवेच्या दाबावर चालतं आणि मागणीपत्रात कंप्रेसर लिहायचाच राहिला. रॅम्पपर्यंत वीज आणायची तर खांब दुसऱ्या खात्याचा. ज्यांनी मागणी केली त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणतात, खोकं समितीसमोरच उघडता येईल. समितीत एक तज्ज्ञ लागतो आणि तज्ज्ञ म्हणजे ज्याने असं गेट चालवलं आहे असा माणूस. असा माणूस आपल्याकडे तयार कसा होणार? गेट चालवून. गेट कुठे आहे? खोक्यात.

आपल्या खात्यातल्या एकाने मला विचारलं, “बाई, गेट म्हणजे फाटकच ना? त्यावाचून सायकल चालवता येत नाही?” येते की. दळण आणायला जाता येतं. शर्यत लावता येत नाही.

बीएमएक्सची शर्यत तीनशे-चारशे मीटरची. आठ जण एका रांगेत उभे राहतात आणि चाळीस सेकंदांच्या आत सगळं संपतं. पहिल्या सरळ पट्ट्यावर जो पुढे निघतो तो पहिल्या बर्मवर, म्हणजे त्या कलत्या वळणावर, आतली बाजू धरतो. मग मागच्यांनी त्याच्या चाकाची माती खायची. म्हणजे खरी शर्यत पहिल्या दोन-तीन सेकंदांची. साधा रॅम्प ५ मीटर उंच असतो, मोठ्या स्पर्धांचा ८ मीटर. आठच्या रॅम्पवरून खाली येता येता सायकल ताशी ६० किलोमीटरच्या आसपास पोचते. पुढचं चाक गेटला टेकवून, दोन्ही पाय पेडलवर ठेवून, श्वास धरून उभं राहायचं. ध्वनिमुद्रित आवाज येतो, “रायडर्स रेडी, वॉच द गेट.” त्यानंतर यंत्र थांबतं. किती वेळ, ते कुणालाच माहीत नसतं. ०.१ सेकंद असेल नाही तर २.७ सेकंद, दर वेळी वेगळं. मग लाल, पिवळा, पिवळा, हिरवा दिवा, चार टोले, आणि गेट पुढे आडवं पडतं. अंदाज बांधून निघता येऊ नये म्हणूनच ते थांबणं ठेवलं आहे. त्याची सवय अंगात मुरायला हजारो वेळा गेटवरून सुटावं लागतं. भाषणं ऐकून ती मुरत नाही.

आम्ही काय केलं? आमच्यातला एक मुलगा रॅम्पच्या कडेला उभा राहायचा, तोंडाने “रायडर्स रेडी” म्हणायचा, थांबायचा आणि शिट्टी मारायचा. गेट म्हणून पुढ्यात एक फळी धरायची आणि शिट्टी झाली की खाली टाकायची. मुलगा प्रामाणिक, दर वेळी वेगळं थांबायचा प्रयत्न करायचा. पण माणूस शेवटी माणूस. शिट्टीच्या आधी तो नाकाने श्वास घ्यायचा. चौदा महिन्यांत मी स्टार्ट शिकलेच नाही, मी त्याचा श्वास ओळखायला शिकले. आमच्या ट्रॅकवर मला कुणी मागे टाकत नव्हतं. मला वाटायचं मी वेगवान झाले.

निवड चाचणीला खरं गेट होतं. पहिल्या मोटोत, म्हणजे पहिल्या फेरीत, आवाज आला, यंत्र थांबलं आणि माझं अंग आमच्या त्या पोराच्या हिशेबाने सुटलं. गेट अजून उभं होतं. पुढचं चाक त्यावर आदळलं, मी हँडलवरून पलीकडे गेले, तेवढ्यात गेट पडलं आणि बाकीच्या सात जणी माझ्या आजूबाजूने गेल्या. एकीने सायकल उचलून माझ्यावरून उडी मारली. तिचे आभार, नाही तर हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. ॲम्ब्युलन्स होती, खोटं बोलणार नाही. चावी ज्याच्याकडे होती तो माणूस नव्हता. बावीस मिनिटांनी सापडला. मी मोजली नाहीत, माझे वडील मोजत होते.

बारा वर्षं झाली मला या खेळात. अकराव्या वर्षी सुरू केलं, आता तेवीस. पहिली सायकल दुसऱ्याची वापरलेली होती, पाटीवर आधीच्या मुलाचा नंबर खरवडूनही दिसायचा. आत्ताचा ट्रॅक व्हायच्या आधी एक पडकी जमीन होती, तिथे आम्हीच खोरं-घमेलं घेऊन उंचवटे बांधले, धुम्मस केली, पाणी मारलं. प्रत्येक पावसाने ते वाहून नेले आणि आम्ही पुन्हा बांधले. वडील रविवारी झोपत नाहीत, माती टाकतात. त्यांच्या पाठीचं काय झालं आहे ते आपल्या कुठल्याच अर्जात लिहायला रकाना नाही. मी रात्रपाळी करते, सकाळी चार तास झोपते आणि मग ट्रॅकवर. लग्नाचं विचारायला आलेल्यांनी माझ्या नडगीवरचे पेडलचे व्रण बघून काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. वडिलांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. दारापर्यंतच.

आमच्या तुकडीत सुरुवातीला चाळीस मुलं होती, की बेचाळीस. नक्की आकडा आपल्या खात्याकडे असायला हवा होता, पण तिथे आम्ही ‘सायकलपटू (इतर)’ या सदरात आहोत, म्हणून माझाच आकडा धरा. आज सहा उरलोत. एक जण पार्सलं पोचवतो. सगळ्यात आधी पोचवतो म्हणे, पोचवणारच. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. बाकीचे वाईट नव्हते, साहेब. त्यातले तिघे तरी माझ्याहून चांगले होते. त्यांना फक्त घरी येऊन सांगता येईना की आपण हे का करतोय आणि याचं पुढे काय होणार.

माझ्या उपचाराच्या खर्चाचा अर्ज परत आला. शेरा : ‘स्टंट प्रकारातील दुखापत अनुज्ञेय नाही.’ मी समजावायला गेले. म्हटलं, हवेत गिरक्या घेतात ते फ्रीस्टाइल, तो वेगळा प्रकार आहे आणि तोही टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. आमची रेसिंग तर २००८ च्या बीजिंगपासून आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण सायकल हवेत जाते ना?” जाते. “मग स्टंटच की.” लांब उडीवाल्यांनी सांभाळून राहावं, एवढंच सुचवते.

आता तुमच्या भाषणातल्या त्या गोष्टीबद्दल. मला तीच जास्त लागली आहे, खांद्यापेक्षा. तुम्ही म्हणालात की साधनांची तक्रार करू नका, ब्रिटनच्या बेथ श्रीव्हरकडे बघा, तिने लोकवर्गणी काढून सुवर्णपदक आणलं. कुणीतरी तुम्हाला अर्धा कागद लिहून दिला होता. उरलेला अर्धा मी देते. २०१६ च्या रिओनंतर तिथल्या निधी देणाऱ्या संस्थेने बीएमएक्स रेसिंगमध्ये फक्त पुरुषांना पैसे द्यायचे ठरवलं. बेथ शाळेत मदतनीस म्हणून अर्धवेळ काम करत होती. पात्रता स्पर्धांना जायला तिने लोकांपुढे हात पसरले. आणि २०२१ मध्ये टोकियोत ती जिंकली, दोनदा विजेती ठरलेल्या कोलंबियाच्या मारियाना पाहोनला मागे टाकून. ही गोष्ट तिच्या जिद्दीची आहेच. पण ज्यांनी हात आखडता घेतला त्यांच्या लाजेचीही आहे, आणि तुम्ही ती आम्हाला धडा म्हणून सांगता? तुमचं खातं त्या गोष्टीत कुणाच्या जागी उभं आहे, हे भाषण करताना एकदाही मनात आलं नाही?

त्याच टोकियोतली दुसरी गोष्ट ऐका. नेदरलँड्सचा नीक किमान सराव करत असताना एक अधिकारी ट्रॅक ओलांडायला मध्ये आला. टक्कर झाली, नीकच्या गुडघ्याच्या वाटीला तडा गेला आणि तरी तो चार दिवसांनी सुवर्णपदक घेऊन गेला. तिथे अधिकारी आडवा आला तो धावत्या सायकलला, चुकून. आपल्याकडे अधिकारी ट्रॅक बांधायच्या आधीपासून आडवा असतो, आणि चुकून नसतो.

आणि पॅरिस, २०२४. पुरुषांचे पहिले तिघेही फ्रान्सचे. पहिला आलेला जोरिस दोदे तेव्हा ३३ वर्षांचा होता. मी तेवीस म्हणजे अजून दहा वर्षं आहेत, असं वडील मला हॉस्पिटलात सांगत होते. मी मनात म्हटलं, बाबा, त्याच्याकडे ती वर्षं गेटसकट होती. महिलांमध्ये ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा जिंकली. तिचा भाऊ काई फेब्रुवारी २०२० मध्ये शर्यतीत पडला, मेंदूला मोठी इजा झाली. स्वतः साया टोकियोत पडली होती. हा असा खेळ आहे. जगातल्या सर्वोत्तम ट्रॅकवरही माणसं पडतात, हे आम्हाला माहीत आहे, आम्ही ते पत्करून हेल्मेट चढवतो. पण पडण्याचं कारण जंप असावी, वेग असावा, शेजारणीचं कोपर असावं. खोक्याची सही राहिली म्हणून पडायचं?

आमच्या ट्रॅकच्या उद्घाटनाला मांडव होता, फुलं होती, ध्वनिक्षेपक होते, ड्रोन होता. माझ्या हिशेबाने त्या मांडवाच्या भाड्यात दोन कंप्रेसर आले असते. हिशेब माझा, पावत्या तुमच्याकडे. दोन नाही, दीड म्हणा. आणि त्या दिवशी मांडवात दिवे लावायला वीज आली होती! चार तास आली होती, त्याच खांबावरून.

कुणी चुकूनमाकून पदक आणलं तर तुमच्याकडे हार तयार असतो, फोटोवाला तयार असतो, बक्षिसाचा तो मोठा पुठ्ठ्याचा चेकही. पण पदकाच्या आधीची बारा वर्षं कुणाची? मैदानावर झाडू मारणाऱ्यापासून तुमच्यापर्यंत मधे किती टेबलं आहेत, आणि त्यातल्या एकाही टेबलावर बसलेल्याला कधी खरचटलं आहे का? प्रत्येक जण म्हणतो, माझं काम नाही. मग काम कुणाचं? आम्ही कर भरतो, मतं देतो, मातीसुद्धा आम्हीच टाकतो. तुम्ही फीत कापता. उद्या तुमचं खातं बदलेल, तुम्ही बंदरांचे नाही तर वस्त्रोद्योगाचे मंत्री व्हाल आणि तिथेही फीत कापाल. नवे येतील, ते विचारतील, मोठ्यांच्या सायकली कधी येणार.

मागण्या लिहायच्या राहूनच गेल्या, पत्र त्यासाठी होतं. खोकं उघडा. त्या खांबावरून कायमची वीज द्या, कंप्रेसर घ्या. तज्ज्ञ मिळत नसेल तर गेट चालवायला आमच्या शिट्टीवाल्याला शिकवा, त्याचा नाही तरी श्वास आता माझ्या उपयोगाचा नाही. सरावाच्या वेळी प्रथमोपचार जाणणारा एक माणूस ठेवा आणि ॲम्ब्युलन्सची चावी ॲम्ब्युलन्सपाशी ठेवा. अर्जावर ‘बीएमएक्स रेसिंग’ असा रकाना छापा. माझ्या उपचाराचं काय करायचं ते करा, मी त्या खिडकीवर परत जाणार नाही.

डॉक्टरांनी बारा आठवडे सांगितले आहेत. आमच्याकडे रविवारी सकाळी लहान मुलं येतात, सगळ्यात धाकटी सहा वर्षांची आहे. परवा तिने मला विचारलं, “ताई, खरं गेट कसं वाजतं?” मी तोंडाने वाजवून दाखवलं. चार टोले.

आपली,
‘सायकलपटू (इतर)’

ता. क. : काल वडील मागच्या खोलीत ताडपत्री आणायला गेले होते. खोक्यावर ‘ही बाजू वर’ असा बाण आहे म्हणे. बाण जमिनीकडे आहे.