टिकलीच्या गोंदात काय आहे, ते पाकिटावर छापा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या मखमली टिकलीच्या गोंदाची अ‍ॅलर्जी पॅच टेस्टमध्ये दिसून आल्याबाबत व गोंदातील घटक कळवण्याबाबत.

महोदय,

मी मिरजेत राहते. गेली अकरा वर्षं आपल्याच कंपनीची मरून मखमली टिकली लावत आले. रात्री काढून आरशाला चिकटवायची, सकाळी तीच पुन्हा लावायची, गोंद संपला की नवी. आमच्या घरातल्या सगळ्या बायका असंच करतात.

मागच्या श्रावणात भुवयांच्या मध्ये खाज सुटायला लागली. घामानं असेल म्हणून खोबरेल तेल लावलं आणि वर पुन्हा टिकली. गौरी आल्या तोवर तिथून पाणी यायला लागलं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर पदर पुढे ओढून बसले. पुढे खपली पडली आणि खाली पांढरा डाग निघाला, बरोबर टिकलीएवढा, टिकलीसारखाच गोल. आरशाला अजून चिकटलेली, शेवटी लावलेली टिकली त्यावर धरून पाहिली, तर कड कडेला जुळली.

कपाळावर पांढरा डाग म्हटल्यावर आपल्याकडे लोक काय बोलतात, ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. "घरात कोड आहे का?" असं एकीनं तोंडावर विचारलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं की लाखो बायका वापरतात, कुणाची तक्रार नाही. दुसऱ्यांदा सांगितलं की टिकली हातावर लावा आणि अर्ध्या तासानं बघा, काही झालं नाही तर दोष टिकलीचा नाही. हे पत्र मुख्यतः या दुसऱ्या उत्तरासाठी लिहिते आहे, कारण ते चुकीचं आहे आणि ते ऐकून आणखी कुणीतरी फसेल.

मी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन पॅच टेस्ट करून घेतली. सोमवारी त्यांनी माझ्या पाठीवर बारीक वाट्या असलेल्या चिकटपट्ट्या लावल्या. प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ होता: निकेल, सुगंधी द्रव्यं, रबरातली रसायनं, केसांच्या रंगातलं पीपीडी, गाजर गवतसुद्धा. कडेला पेनानं खुणा केल्या. शेवटी मी नेलेली आपली टिकलीही तशीच पाठीवर चिकटवली. पट्ट्या निघेपर्यंत पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या बाईला हे किती जड जातं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

४८ तासांनी पट्ट्या काढल्या, तेव्हा दोन जागी नुसती लाली होती. ९६ तासांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा त्याच दोन जागा फुगून त्यावर बारीक पुरळ उठलं होतं. एक जागा आपल्या टिकलीची. दुसरी पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिनची. टिकलीच्या गोंदात बऱ्याचदा वापरलं जातं ते हेच. चपला आणि घड्याळाच्या चामडी पट्ट्यांच्या गोंदातही ते असतं, म्हणून आता मला तिथेही जपायला सांगितलं आहे.

स्पर्शानं होणारी ही अ‍ॅलर्जी उशिरा उठते, तिला दिवस लागतात. अर्ध्या तासात हातावर काही दिसलं नाही, याचा अर्थ काहीच नाही. अकरा वर्षं त्रास झाला नाही, याचाही नाही, कारण शरीर एखाद्या पदार्थावर वर्षांनंतरही बिथरू शकतं. माझी जाऊ याच पाकिटातली टिकली लावते आणि तिला काहीही होत नाही. म्हणून माझा त्रास खोटा ठरत नाही. "पॅच टेस्ट हा काही पुरावा नाही" असंही आपल्या माणसानं ऐकवलं. ही तपासणी १८९५ साली योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडली आणि आजही स्पर्शाची अ‍ॅलर्जी ओळखायला डॉक्टर तिच्यावरच भिस्त ठेवतात.

डागाबद्दल डॉक्टर म्हणाले की हे रसायन कातडीला रंग देणाऱ्या पेशींनाच मारक ठरू शकतं. टिकली कायमची बंद केल्यावर रंग हळूहळू परत येईल, पण पूर्ण येईलच असं ते सांगू शकले नाहीत.

आपल्या पाकिटावर रंग, साइज, किंमत आणि एका हसऱ्या बाईचा फोटो आहे. गोंदाबद्दल एक शब्द नाही. केस रंगवायच्या पाकिटावर, आधी थोड्या जागी लावून पाहा, असा इशारा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापावा लागतो. तो रंग महिन्यातून एकदा लागतो. टिकली कपाळावर रोज, दिवसभर असते.

माझ्या पाकिटाच्या बॅचमधल्या गोंदात कोणती रसायनं आहेत आणि वर लिहिलेलं रेझिन त्यात आहे की नाही, हे मला लेखी कळवावं. यापुढे प्रत्येक पाकिटावर गोंदातले घटक आणि खाज सुटल्यास टिकली लगेच बंद करण्याची सूचना मराठीत छापावी. फोनवर बसणाऱ्या माणसांनी अर्ध्या तासाचा तो सल्ला देणं आजपासून थांबवावं. तपासणीचा आणि औषधांचा खर्चही मी मागते आहे, पण पैशांआधी मला पहिल्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे. ते मिळालं तर दुसरी टिकली निवडताना मला आंधळेपणानं निवडावी लागणार नाही. टिकली लावणं मला सोडायचं नाही.

३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत पॅच टेस्टच्या अहवालाची प्रत, पाठीचे ४८ व ९६ तासांचे फोटो, खर्चाच्या पावत्या आणि उरलेल्या चार टिकल्यांसह पाकिटाचा फोटो जोडला आहे. मूळ पाकीट मी जपून ठेवलं आहे. आपला माणूस घरी येऊन ते पाहू शकतो, पण ते मी हातचं सोडणार नाही.

आपली ग्राहक,
मिरज, जि. सांगली