विक्रेता आई दाखवत नसेल तर पिल्लू घेऊ नका

संपादक महोदय,

नातीच्या हट्टापायी गेल्या दिवाळीत आम्ही पर्शियन मांजराचे पिल्लू घेतले. मोबाइलवर फोटो आले, बारा हजारांना सौदा ठरला आणि माजिवड्याच्या पुलाखाली एका माणसाने बुटाच्या खोक्यातून पिल्लू आणून हातात दिले. "दोन महिन्यांचे आहे, लस झालीय," म्हणाला. त्याची आई बघायची आहे म्हटले, तर ती वसईला असते म्हणे. तिथेच मी परत फिरायला हवे होते.

चौथ्या दिवशी पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसले. तोंड पाण्यापाशी, पण एक थेंब पीत नव्हते. डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवला. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे २६ दुधाचे दात आलेले असतात. याच्या दाढा अजून फुटतच होत्या. वय जेमतेम पाच आठवडे. कार्डावर लसीच्या कुपीचे स्टिकर नाही, डॉक्टरांचा शिक्का नाही. आजार पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांना होणारा विषाणूचा संसर्ग; रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. दोन रात्री नात त्याला मांडीवर घेऊन बसली. तिसऱ्या पहाटे ते गेले.

पुढे नेरुळच्या एका बाईंची ओळख झाली. त्या घरीच पर्शियन मांजरांची पैदास करतात. पैशांचे बोलण्याआधी त्यांनी आमचीच चौकशी केली: खिडक्यांना जाळी आहे का, दिवसा घरी कोण असते, रोज केस विंचरणे जमेल का? आधीचे पिल्लू कशाने गेले ते ऐकून म्हणाल्या, हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो. फरशी ब्लीचने पुसा, जुना ट्रे आणि वाट्या टाकून द्या, आणि लसीचे दोन्ही डोस झाल्याशिवाय मी पिल्लू देणार नाही. आई समोरच पिल्लांना पाजत होती. तिच्या जनुकीय चाचणीचा अहवालही त्यांनी दाखवला. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो आणि आईबापांपैकी एकाकडूनही तो पिल्लात उतरू शकतो. आमचे पिल्लू तेरा आठवड्यांचे झाल्यावरच घरी आले.

केंद्राच्या २०१८च्या पेट शॉप नियमांनुसार विक्रेत्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि ऑनलाइन विक्रीही त्यातून सुटलेली नाही. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला मनाई आहे. तरीही पुलाखाली खोकी उघडली जातात. मंडळाने ठाणे आणि नवी मुंबईतल्या नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयात आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावी, म्हणजे नोंदणी क्रमांक मागायचा असतो हे तरी आमच्यासारख्यांना कळेल.

— एक आजी, नौपाडा, ठाणे