तुझ्या हाताखालची शिकाऊ मुलं

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आयटीआयची दोन मुलं तुझ्या हाताखाली दिली आहेत हे कळल्यापासून मी खुशीत आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखाने अशी मुलं घेतात खरी, पण त्यांना शिकवायचं की नुसतं झाडलोटीला जुंपायचं, हे तुझ्यासारख्यांवर असतं.

आमचे मिस्त्री नव्या पोराला लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर, भंगारातला 50 मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा तुकडा लावून द्यायचे, माप सांगायचे आणि बाजूला उभे राहायचे. पोरगं भराभर कट मारायचं, गरम जॉबलाच, म्हणजे त्या तुकड्यालाच, बारीक माप घ्यायचं मायक्रोमीटर लावायचं आणि माप जुळलं म्हणून हरखायचं. मिस्त्री गप्प. जेवणाच्या सुट्टीनंतर तोच जॉब पुन्हा मोजायला लावायचे, तर माप 0.02 मिलिमीटरने कमी! एवढं स्टील 40 अंशांनी तापलं तर साधारण तेवढंच फुगतं. फळ्यावर लिहून दिलं असतं तर कोण लक्षात ठेवणार होतं? कमी झालेला शाफ्ट पुन्हा जाड होत नाही, हे पोराला त्या दिवशी कळायचं.

पण चकची, म्हणजे जॉब घट्ट धरणाऱ्या फिरत्या पकडीची, चावी चकमध्ये राहिलेली दिसली, की हेच मिस्त्री धावत येऊन हात धरायचे. मशीन सुरू झालं तर ती चावी उडून कुणाच्याही तोंडावर बसेल. लेथवर हातमोजे, लोंबती बाही, तापलेला धातूचा कीस हाताने ओढणं, यालाही माफी नव्हती. जॉब बिघडला तर बिघडू दे, बोट जाता कामा नये. हा फरक ज्याला नेमका कळतो, त्यालाच मी शिकवणारा मानतो.

तू कामाला चपळ आहेस, म्हणूनच काळजी वाटते. पोरगं अडखळलं की तू त्याच्या हातून काम काढून घेशील. तसं करू नकोस, कितीही हात शिवशिवले तरी. आणि ‘समजलं का?’ असं विचारू नकोस, दोघंही मान डोलावतील. गावाकडून आलेली मुलं आधीच बुजलेली असतात, मॅडमना प्रश्न विचारायला तर फारच बिचकतात. ‘आता मला करून दाखव’ म्हण. चुकलं तर बाजूला घेऊन सांग, चारचौघांत नको.

मायक्रोमीटर देशील तेव्हा आधी शून्य तपासायला लाव आणि रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक दाबाला सटकणाऱ्या टोकाच्या मुठीनेच, फिरवायची सवय लाव. अंगठ्याने दाबून मोजलं की दोघांची मापं दोन येतील.

त्यांच्या जेवणाची सोय काय आहे, हे आई दोनदा विचारून गेली. कळव.

तुझे बाबा