जुन्या चर्चमध्ये आधी फटी बुजवा, मग यंत्रे घ्या

संपादक महोदय,

जुन्या चर्चसाठी वर्गणी जमली की पहिला विचार मोठ्या एसीचा किंवा बॉयलरचा होतो. क्रम उलटा हवा. उंच छताखाली गरम हवा वर साठते आणि बाकांवरची माणसे कुडकुडतात. म्हणून आधी दारे-खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या, मग छतावरच्या पोकळीत रॉकवूलचा, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या उष्णतारोधक लोकरीचा, २०० ते ३०० मिलिमीटर थर. त्या पोकळीतली हवा खेळती राहिलीच पाहिजे. नाहीतर वाफ थंड लाकडावर पाणी होऊन बसते आणि वासे कुजतात.

आठवड्यातून दोन तास भरणारी वास्तू सबंध तापवणे परवडत नाही. बाकांखालचे कमी वॅटचे हीटर पुरतात. वायरिंग तेवढा भार पेलते का, हे मात्र आधी तपासून घ्यावे.

गारव्यासाठी जाड दगडी भिंती हीच मोठी ठेव. रात्री वरच्या-खालच्या खिडक्या उघडायच्या, ऊन चढण्याआधी बंद करायच्या.

तापमान झपाट्याने वाढवू नये, हवा एकदम कोरडी पडून ऑर्गनचे लाकूड तडकते. आणि ओल दिसली तर भिंतीला सिमेंटचा गिलावा कृपया नको, चुन्याचाच करा. सिमेंट ओल आत कोंडते.

– जुन्या वास्तूंच्या देखभालीतील काही अभियंते