नंबर दोनचा हात

कामठी, नागपूर

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ऑफिसातली टीम नावापुरती आहे, एक मुलगा तर काम कायम उशिरा देतो, गाडा मीच ओढते." तेव्हा बोलणं सुचलं नाही, म्हणून लिहितो.

तू लहान असताना मी लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये होतो. 1949 साली जनरल करिअप्पांनी ही रेजिमेंट उभी केली, तीही सगळ्या जाती-प्रांतांचे जवान एकत्र घेऊन. आमच्या सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, दहा जण. कुणी बिहारचा, कुणी केरळचा, मी काटोलचा. मी एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, नंबर दोन. गोळ्या नंबर एक झाडतो, मॅगझिन नंबर दोन देतो. सुरुवातीला तो ओरडला की मी हात घालायचो. पुढे मी त्याच्या गोळ्या मनात मोजू लागलो. शेवटची सुटायच्या आत भरलेलं मॅगझिन त्याच्या हाताशी असायचं, त्याला मान वळवावी लागत नसे. बंदूक थांबली तर दोघंही नापास.

1971 च्या डिसेंबरात आताच्या बांगलादेशातल्या गंगासागरला आमच्याच रेजिमेंटच्या 14 व्या बटालियनचे लान्स नायक अल्बर्ट एक्का शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. धाडस त्यांचंच. पण त्या बंकरमुळे कंपनीतले जवान पडत होते, म्हणून ते धावले.

पेन्शनीत आल्यावर संत्र्याच्या धंद्यात मात्र मी हे सगळं विसरलो. पहिल्या आंबिया बहाराला प्रतवारी, भरणी, हिशेब, सारं एकट्याच्या हाती ठेवलं. तोडणीवरच्या मावशी दोनदा म्हणाल्या, "भाऊ, पोरं देठ ओढून तोडून राह्यले, साल फाटते." मी ऐकलं नाही. दिल्लीला क्रेट उघडले तर देठाशी बुरशी, आणि एका सडक्या फळाने शेजारची चार नासलेली. त्या वर्षी तुझी फी आजोबांनी भरली. पुढच्या बहारापासून तोडणी मावशींकडे सोपवली. त्या प्रत्येकाच्या हाती कात्री देतात, देठ फळालगत कापून घेतात, आणि क्रेट भरण्याआधी मी त्यांना विचारतो.

तुझ्याकडे काम उशिरा देणाऱ्या त्या मुलाला त्याचं काम कुणाकडून आणि केव्हा मिळतं, हे तू कधी विचारलंस? सोमवारी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बस.

मृग बहाराची संत्री निघाली आहेत. शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सने पेटी पाठवतो. ऑफिसात नेऊन सगळ्यांना दे.

तुझा,
बाबा