रविवारच्या गप्पांचं रिमाइंडर: ॲलेक्स डाउ

मंडळी, रविवारी संध्याकाळी ७ ला ऑनलाइन भेटतोय, विसरू नका. विषय ॲलेक्स डाउ, म्हणजे स्कॉटलंडात जन्मलेला इंजिनियर जो १८९६ मध्ये डेट्रॉइटच्या एडिसन इल्युमिनेटिंग या खाजगी वीज कंपनीत आला आणि पुढे १९१२ ते १९४० तिच्याच जागी आलेल्या डेट्रॉइट एडिसन कंपनीचा प्रेसिडेंट होता. त्याआधी त्याने शहराच्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी सरकारी वीजकेंद्र उभारलं होतं, म्हणजे आधी खाजगी कंपनीचा स्पर्धक आणि मग तिचाच साहेब!

सगळ्यात भारी भाग म्हणजे त्याच्या हाताखाली हेन्री फोर्ड चीफ इंजिनियर होता. १८९६ मध्ये एडिसन वीज कंपन्यांच्या अधिवेशनात डाउनेच त्याची खुद्द संशोधक थॉमस एडिसनशी ओळख करून दिली, ह्याने पेट्रोलवर चालणारी गाडी बनवलीय म्हणून, आणि एडिसनने तर टेबलावर मूठ आपटून शाबासकी दिली असं फोर्ड नंतर सांगायचा. पण कंपनीने मोठ्या प्रमोशनला अट घातली की गाडीचा नाद सोड, तर ह्या पठ्ठ्याने १८९९ मध्ये नोकरीच सोडली. डाउ चुकला का? मला नाही वाटत, वीज कंपनीवाला विजेचाच विचार करणार ना.

वादाची तयारी करून या, लिंक ७ च्या आधी टाकते आणि प्लीज माइक म्यूट ठेवा, मागच्या वेळी कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मारत होता.