ट्रम्प आजोबांचे नव्हे, मुलरूनीबाईंचे हॉटेल

मा. संपादक,
स. न.

डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रेडरिक ट्रम्प यांच्या ‘सोन्याच्या खाणीतल्या हॉटेला’वरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. किस्सा रंजक आहे, पण त्या हॉटेलाच्या आसपास सोन्याची खाण नव्हतीच. १८९८ मध्ये त्यांनी भागीदाराबरोबर ‘आर्क्टिक’ थाटले ते कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या बेनेटला. उत्तरेकडच्या क्लोंडाइक भागातल्या सोन्यासाठी खिंड ओलांडून आलेली माणसे तिथे होड्या बांधत आणि तळ्याचा बर्फ फुटायची वाट पाहत. खाणींचे गाव डॉसन नदीवाटेने तिथून शेकडो किलोमीटर दूर. १९०० मध्ये रेल्वे व्हाइटहॉर्सला पोहोचली, बेनेट ओस पडले आणि ट्रम्पही धंदा घेऊन व्हाइटहॉर्सला गेले. माणूस व्यवहारी होता, एवढे मान्य.

पण क्लोंडाइकच्या हॉटेलांविषयी लिहायचे आणि बेलिंडा मुलरूनींचे नावही घ्यायचे नाही, हे काही पटले नाही. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात वाढलेल्या या बाई १८९७ च्या उन्हाळ्यात, म्हणजे जगभरची झुंबड उडण्याआधीच, डॉसनला पोहोचल्या. सोबत काय? फावडी-कुदळी नव्हेत, तर रेशमी आणि सुती कापड आणि शेकायच्या गरम पाण्याच्या पिशव्या! तिथल्या थंडीत तो माल सहापट किमतीला गेला म्हणतात.

त्या पैशातून त्यांनी हॉटेल बांधायचे ठरवले, तेही डॉसनमध्ये नाही. बोनान्झा आणि एल्डोराडो या दोन ओढ्यांच्या संगमावर, गावापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, दुमजली ओंडक्यांचे घर त्यांनी उभे केले. लोक हसले. पण खाणकामगार राबत होते ते याच ओढ्यांवर. जेवायला आणि पाठ टेकायला रोज डॉसनला कोण जाणार? ‘ग्रँड फोर्क्स हॉटेल’भोवती बघता बघता वस्ती वसली आणि वस्तीलाही तेच नाव पडले. जेवणाचे पैसे सोन्याच्या भुकटीत चुकते होत. बाई जमिनीवरचा केरसुद्धा धुऊन त्यातले सोने काढत.

खरी कमाई मात्र वेगळीच होती. कुणाच्या खाणपट्ट्यात काय लागले, कोण कंटाळून विकायला निघाला आहे, हे सगळे जेवणाच्या टेबलावर बोलले जाई. आमच्या चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातही कुठल्या खाणीत काय शिजते आहे ते साहेबाआधी चहाच्या टपरीला कळते! मुलरूनी ऐकत आणि खाणींतले हिस्से विकत घेत. हॉटेलवाल्या बाई अशा खाणमालक झाल्या.

२७ जुलै १८९८ रोजी त्यांनी डॉसनमध्ये ‘फेअरव्ह्यू’ उघडले. वाफेने उबदार ठेवलेल्या खोल्या, विजेचे दिवे, चिनी मातीची भांडी, डोंगर ओलांडून आणलेली काचेची झुंबरे. मात्र खोल्यांमधल्या भिंती कापडाच्या, वर कागद चिकटवलेला. शेजारच्या खोलीतली कुजबुजही ऐकू येई. हा थाट आणि ही कापडी भिंत, दोन्ही एकाच छपराखाली, म्हणून मला हे हॉटेल फार आवडते.

पुढच्याच वर्षी अलास्कातल्या नोमला सोने सापडल्याची बातमी आली आणि हजारो लोक डॉसन सोडून निघाले. ग्रँड फोर्क्सचे तर आता घरही उरलेले नाही. वस्तीखालची जमीनसुद्धा पुढे सोन्यासाठी उपसली गेली. मुलरूनी मात्र टिकल्या. एका तोतया ‘काउंट’शी (उमरावाशी) लग्न आणि मग घटस्फोट, अलास्कात बँक, असे सगळे पाहून त्या १९६७ मध्ये सिएटलला, नव्वदी पार करून वारल्या.

लेखात आणखी एक गोष्ट राहिली. क्लोंडाइकची ती भूमी ट्रॉन्डेक ह्वेचिन या मूळ रहिवाशांची. गर्दी वाढली तसे त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक आपल्या माणसांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेले. ‘ट्रॉन्डेक-क्लोंडाइक’ला २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले, ते या लोकांच्या अनुभवासाठी, हॉटेलांच्या झुंबरांसाठी नव्हे. पुरवणीत यावर लेख आला तर तोही आवडीने वाचेन.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर